अंगणातले इंजिन

दुसरे महायुद्ध संपून लष्कराच्या जादा ठरलेल्या मालमोटारी लिलावात निघाल्या, तेव्हा तोवर बैलगाडीच्या आखाला वंगण घालण्यापलीकडे कोणतीही यांत्रिक विद्या अवगत नसलेल्या कित्येक गृहस्थांच्या दारी फोर्ड, शेव्हरले आणि डॉज या अमेरिकन बनावटीच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना 1928 पासून मुंबईत शिवडीला होता खरा. परंतु खानदेशात किंवा वऱ्हाडात नादुरुस्त झालेल्या गाडीला त्याचा उपयोग तो काय!

इंजिन घरच्या घरी उतरवण्याचा प्रघात केवळ दारिद्र्यातून पडला असे समजले जाते. मला ते अपुरे वाटते. त्या गाड्यांची रचनाच अशी होती, की सांगाड्याच्या दोन समांतर पोलादी पट्ट्यांमध्ये मोजक्या बोल्टांवर बसवलेले इंजिन बॉनेट आणि रेडिएटर दूर करताच समोर मोकळे दिसे, आणि अंगणातल्या चिंचेची जाड फांदी किंवा तीन वाशांचे तिकाटणे व त्याला टांगलेली चेनकप्पी एवढ्या सरंजामावर ते वर उचलता येई.

दुसरे कारण इंधनाचे. युद्धकाळी पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा कोळशाच्या गॅसवर गाड्या हाकण्याचा खटाटोप लोकांनी केलाच होता (आणि चढावावर त्याची फळेही भोगली होती). पुढे स्वस्त डिझेलाचा मोह पडून मालकांनी पेट्रोलचे इंजिन काढून त्या जागी इंग्लंडचे पर्किन्स पी-6 बसवण्याचा सपाटा लावला. हे काम मात्र नुसत्या अदलाबदलीचे नव्हते. शेव्हरलेच्या जुन्या इंजिनात हवा सुमारे साडेसहापट दाबली जाई, पर्किन्समध्ये साडेसोळापट. त्यामुळे सुरू करताना लागणाऱ्या जोरापुढे मूळची सहा व्होल्टची बॅटरी निष्प्रभ ठरे, आणि इंजिनाचे हादरे सोसण्यासाठी आधाराच्या पट्ट्या नव्याने घडवाव्या लागत.

उतरवणे त्या मानाने सुलभ. मिस्त्रीची खरी परीक्षा बसवताना होई. गिअरबॉक्सचा दातेरी दांडा क्लचप्लेटच्या मध्यातून जाऊन फ्लायव्हीलमधील लहान बेअरिंगमध्ये शिरला पाहिजे, आणि प्लेट सुतभर जरी सरकलेली असली तरी तो शिरत नाही. म्हणून जाणता मिस्त्री भंगारातल्या गिअरबॉक्सचा एक दांडा जपून ठेवी, तो आधी घालून प्लेट मध्यावर आणी, प्रेशरप्लेटचे बोल्ट आवळी, आणि मगच दांडा काढून घेई. ज्याच्या पेटीत असा दांडा नसे, त्याला मालमोटारीचे इंजिन सोपवू नये, असे माझे मत आहे.

एवढे झाल्यावर सरकारदरबारची बाब उरे. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात लिहिलेला असल्याने, नव्या इंजिनाची वर्दी नोंदणी कचेरीत देऊन दप्तरी फेरफार करून घेणे मालकाला प्राप्त होते.

1954 साली टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरास डिझेलच्याच मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, आणि पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवण्याची निकड हळूहळू ओसरली. अंगणातली चेनकप्पी तरीही उतरली नाही. कारण लायनर झिजतात, पिस्टनच्या कड्या तेल सोडतात, आणि मग बोअरिंगच्या कामासाठी त्याच मिस्त्रीला पुन्हा बोलावणे जाते.