घोड्याचं ऑपरेशन करणारा डॉक्टर कसा घडतो?

घोड्याच्या ऑपरेशनमध्ये चिरफाडीपेक्षा भुलेची धास्ती जास्त. जवळपास ५०० किलोचं जनावर आडवं पडलं की स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू आणि फुप्फुसं दबतात. शुद्धीवर येताना ते धडपडून उठतं, त्यात पायही मोडू शकतो. २००२ च्या एका मोठ्या अभ्यासात, पोटशूळ नसलेल्या घोड्यांमध्येही भुलेनंतर ७ दिवसांत १०० पैकी जवळपास १ घोडा दगावला होता. म्हणूनच जमेल ती शस्त्रक्रिया आता घोडा उभा ठेवून, गुंगीचं औषध देऊन आणि तेवढाच भाग बधिर करून करतात.

हे शिकायचं कसं? भारतात अनेक ठिकाणी आधी नीट, मग इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची बीव्हीएससी, पुढे शस्त्रक्रिया विषयात २ वर्षांचं एमव्हीएससी. गोम अशी की त्यात गाय, म्हैस, कुत्रा सगळेच येतात. घोड्यावर हात बसवायला रेसकोर्स किंवा स्टड फार्मच गाठावा लागतो.

अमेरिकेत पदवीनंतर किमान १ वर्ष इंटर्नशिप, ३ वर्षं रेसिडेन्सी, केसेसची नोंद, शोधनिबंध आणि परीक्षा. इतकं करूनही प्रमाणपत्र मिळतं ते ‘मोठे प्राणी’ या गटाचंच!