वजनकांटा आणि मापपट्टी

वजनकांट्यावरून समाधानानें उतरणाऱ्या वाचकांनीं त्या समाधानाचा इतिहास एकदां पाहावा. बेल्जमचे गणितज्ञ आदोल्फ केतले यांनीं १८३२ च्या सुमारास असें दाखविलें कीं, प्रौढांचें वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. त्यांना शोध होता सरासरी मनुष्याचा, मेदाचा नव्हे. पुढें १९७२ सालीं अमेरिकेंतील अँसेल कीज व त्यांचे सहकारी यांनीं उंची-वजनाचीं निरनिराळीं सूत्रें कातडीच्या घडीच्या जाडीशीं ताडून पाहिलीं, आणि किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागण्याच्या केतलेप्रणीत रीतीस 'बॉडी मास इंडेक्स' हें नांव दिलें.

परंतु कांट्यास मांस आणि मेद यांतील भेद कळत नाहीं. २००४ सालीं पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं 'लॅन्सेट'मध्यें आपलें दोघांचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. निर्देशांक दोघांचाही २२.३, मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के!

मेद कोठें सांचतो, हाही प्रश्न आहेच. पोटाकडील लठ्ठपणाचें मधुमेहाशीं सख्य अधिक, हें मार्सेयचे वैद्य झां व्हाग यांनीं १९४७ सालींच दाखविण्यास आरंभ केला होता. तें स्थान कांटा सांगत नाहीं. साधी मापपट्टी सुचविते. भारतीयांसाठीं कंबरेची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर धरितात. सुटलेल्या पोटास सुखवस्तुपणाचें भूषण मानणाऱ्या आपल्या समाजानें कांट्याशेजारीं ही पट्टीही ठेवावी, हें बरें.