तांबड्या छत्रीखाली पंचनामा

आल्याचा तुकडा दाढेखाली धरा, नाकपुड्यांना तिळाचं तेल चोळा आणि पुढे या. लांबून बघून इथे काही कळायचं नाही. साल १२४७, दक्षिण सुंग राजवट, हुनान प्रांतातलं एक खेडं. मातीतून उकरून काढलेला एक माणूस चटईवर आहे. खरं तर त्याची हाडंच उरली आहेत. तो घसरून पडला की त्याला मारलं, हे आज ठरायचं आहे.

समोर घामाघूम झालेला अधिकारी जिल्ह्याचा आहे. बोलावणं आल्यापासून चार तासांच्या आत निघाला नसता, तर त्याच्यावरच कारवाई झाली असती. त्याचा निष्कर्षही शेवटचा नाही. फेरतपासणीला दुसरा अधिकारी येईल आणि पहिल्यानं काय लिहिलं, ते त्याला आधी कळता कामा नये.

आभाळ निरभ्र आहे, म्हणून तर आजचा दिवस निवडला. हाडं पाण्यानं धुऊन, अंबाडीच्या दोरीत क्रमानं ओवून ठेवली आहेत. शेजारी पाच फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा आहे. त्यात सकाळपासून लाकडं जळताहेत. माती लालबुंद झाली, तसे निखारे बाहेर काढले. आता दोन शेर चांगली दारू आणि पाच शेर कडक व्हिनेगर खड्ड्यात ओतलं जातं. फस्सकन वाफ उठते, डोळ्यांना पाणी येतं. त्या वाफेत हाडं ठेवतात आणि वरून गवती चटया झाकतात.

आता थांबायचं, दोन-चार तास. मयताचा भाऊ झाडाखाली बसला आहे. ज्याच्यावर संशय आहे तोही इथेच आहे, हात बांधलेला. कायद्यानं दोघांच्याही डोळ्यांसमोरच हे सगळं व्हायला हवं.

चटया निघतात. हाडं उजेडात येतात आणि कुणीतरी तांबडी तेलकागदी छत्री उघडून त्यांच्यावर धरतं. तुम्हीही वाका. कागदातून गाळून आलेल्या लाल उजेडात बरगडीवर एक फिकट तांबूस रेघ उमटली आहे, मोडलेल्या जागी दोन्ही टोकांना पसरलेली. मेल्यावर हाड मोडलं असतं तर ही रेघ दिसली नसती, असं इथलं शास्त्र सांगतं. घाव बसला तेव्हा हा माणूस जिवंत होता.

प्रेताला हात लावणारा माणूस आता मोठ्यानं ओरडून सांगतो: कुठली बरगडी, कुठल्या बाजूची, रेघ केवढी. त्याचं काम हलकं मानलं जातं, गावात त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. पण या घडीला सगळे त्याचं ऐकताहेत. कारकुनापुढे छापील कागद आहे, त्यावर माणसाची आकृती, पुढून आणि पाठीमागून. १२११ पासून असे नकाशे भरायचा हुकूम आहे. जखमेच्या जागी तांबड्या शाईची खूण होते. कुणाची हरकत नाही ना, असं विचारून मगच सह्या होतात.

या प्रांताचा न्यायप्रमुख सुंग त्स यानं याच वर्षी हे सगळं एका ग्रंथात बांधलं आहे. साठी उलटलेला हा गृहस्थ अधिकाऱ्यांना बजावतो, की धुपाच्या धुराआड लांब बसू नका, दुर्गंधीला कंटाळू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

तुम्ही चिनी रहस्यमालिकांच्या ओढीनं इथवर आलात, हे मला ठाऊक आहे. २०२१ मध्ये आलेली ‘द इम्पिरिअल कॉरोनर’ घडते या खेड्याच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी, थांग राजवटीत, पण तिच्यासारख्या मालिकांचा कस ज्या कलेवर लागतो, ती या खड्ड्याजवळ बघायला मिळते. त्या मालिकेला पैसा थोडा होता, मोठे तारे नव्हते. मला वाटतं, म्हणूनच ती जमली. हजारो घोडेस्वार परवडत नसले, की कॅमेरा माणसाच्या हातांवर आणि चेहऱ्यावर थांबतो. आणि हा विषय मुळातच थोड्या खर्चाचा आहे. आत्ता तुमच्यासमोर काय काय लागलं? लाकडं, दारू, व्हिनेगर, आलं आणि एक छत्री. एवढ्यावर एका मेलेल्या माणसाला न्याय मिळायची शक्यता निर्माण झाली.

मालिकेतली चू चू प्रेतं तपासते आणि राजघराण्यातला तरुण तपास चालवतो. सुंगकाळातल्या या पंचनाम्याला अशी मुलगी तुम्हाला भेटणार नाही. स्त्रीची तपासणी असली तर सुईणीला बोलावतात, एवढंच. तरी मालिकेतलं चू चू आणि त्या तरुणाचं प्रेम मला खोटं वाटत नाही. कारण त्याचं मूळ तुम्ही आत्ता पाहिलंत. एक जण प्रेताजवळ वाकून, जे दिसलं ते सांगतो. दुसरा ते जसंच्या तसं लिहून घेतो, त्यात आपल्या सोयीचं काही घालत नाही. ज्या मुलीच्या कामाला जग नाकं मुरडतं, तिचा शब्द कुणीतरी पुरावा म्हणून घेतो. एवढं असल्यावर मिठ्या आणि पावसावर भर द्यायची गरज दिग्दर्शकाला पडली नाही, आणि हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

निघताना निखाऱ्यांवर व्हिनेगर ओततील, त्या वाफेवरून पाय टाकून बाहेर पडा. इथली रीत आहे. भावाला नमस्कार करा.

घरी पोचलात की मालिका लावा, छत्तीस भाग आहेत. तपासणीचे प्रसंग मात्र पुढे पळवू नका, दोघांचं जुळतं ते तिथेच.