चवाठ्यावरचा रखवालदार



नागपुराहून दक्षिणेस निघालेला वाटसरू वर्धा जिल्ह्यांतील जाम या गांवीं पोंचला म्हणजे त्याला एक निर्णय करावा लागतो. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादकडे जाते. दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपुरास, आणि तेथून पुढें गडचिरोलीच्या रानांत. गांव लहान, पण चवाठ्यावर वसल्यामुळें त्याचें नांव दूरदूरच्या प्रवाशांस ठाऊक. ज्या विकराचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे, तें विकरहि अशाच एका चवाठ्यावर उभें असतें. आणि त्याच्या इतिहासाची वाट अखेर याच रानाकडे वळते.

आपण खाल्लेल्या भाकरीची साखर होते व ती रक्तावाटें पेशींत शिरते. आंत येतांच तिला फॉस्फेटाची जोड मिळते आणि तिचें ग्लूकोज-६-फॉस्फेट बनतें. येथून वाटा फुटतात. एक शक्ति निर्माण करण्याकडे जाते, दुसरी साठवणीकडे, आणि तिसरी पेशीच्या संरक्षणाकडे. या तिसऱ्या वाटेच्या तोंडाशीं जें विकर उभें आहे, त्याचें नांव ग्लूकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. सोयीसाठीं आपण त्याला जी-६-पी-डी म्हणूं. साखरेतील हायड्रोजन काढून घेऊन तो एन.ए.डी.पी. नांवाच्या वाहकाच्या स्वाधीन करणें, एवढेंच त्याचें काम. वाहकाकडून तो ग्लूटाथायोनाला मिळतो, आणि प्राणवायूपासून होणाऱ्या दाहक संयुगांचा निरास ग्लूटाथायोन करतें. इतर पेशींना हा वाहक भरून घेण्याचे आणखीहि मार्ग असतात. रक्तांतील तांबड्या पेशीला मात्र ही एकच वाट. ज्या प्राणवायूची ने-आण करणें हा तिचा धर्म, तोच तिला जाळूं शकतो. आणि या विकरावांचून तिला दुसरा आधार नाहीं.

या विकराचा शोध बर्लिनमध्यें ओटो वारबुर्ग व वाल्टर क्रिश्चन यांनीं १९३१ सालीं लाविला. परंतु त्याचें मोल जगाला कळलें तें हिवतापामुळें. प्लास्मोकिन नांवाचें औषध १९२६ च्या सुमारास प्रचारांत आलें, तेव्हां तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांची लघवी काळी होई व ते पांढरे फटक पडत. पुढें त्याच कुळांतील प्रायमाक्विन आलें आणि तोच अनुभव पुन्हां आला. बहुतेकांना औषध सोसे. थोड्यांचें रक्त मात्र फुटे. असें कां व्हावें?

अमेरिकेंतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगांत शिकागोच्या संशोधकांनीं कैद्यांवर यासंबंधीं प्रयोग केले. बंदिवानाची संमति कितपत खरी मानावी, हा वाद तेव्हांपासून चालत आला आहे, आणि तो विसरतां येत नाहीं. ज्याला औषध सोसत नसे त्याच्या तांबड्या पेशी किरणोत्सर्गी क्रोमियमानें चिन्हित करून निरोगी माणसाच्या अंगांत घातल्या, तर औषध देतांच त्या तेथेंहि फुटत. उलट निरोगी माणसाच्या पेशी त्याच्या अंगांत सुखरूप राहत. तेव्हां दोष पेशींतच होता. १९५६ सालीं कार्सन, आल्व्हिंग व त्यांचे सहकारी यांनीं तो नेमका दाखविला: अशा पेशींत जी-६-पी-डी अत्यल्प होतें.

आतां आपल्याकडे वळूं. १९६१ सालीं बक्षी, बालकृष्णन् व संघवी यांनीं मुंबईंतील लोकांच्या रक्तांत हा दोष असल्याचें प्रसिद्ध केलें, आणि १९६३ सालीं पारशी समाजांत तो विशेष आढळल्याचें पुढें आलें. इराणाहून आलेल्या या समाजांत भूमध्य समुद्राच्या कांठचा प्रकार सांपडावा, यांत नवल नाहीं. पण १९८४ सालीं एका कोळी कुटुंबांत एक निराळा प्रकार मिळाला, आणि त्याला कल्याण हें नांव पडलें. आपल्या ओळखीचें एक गांव अशा रीतीनें जगाच्या वैद्यकग्रंथांत गेलें. हें विकर म्हणजे ५१५ अमिनो अम्लांच्या मण्यांची माळ. अशा दोन किंवा चार माळा एकत्र आल्या म्हणजे तें कामास लागतें. १९९२ सालीं असें दिसलें कीं कल्याणच्या व केरळच्या प्रकारांत ३१७ वा मणीच तेवढा बदललेला आहे, आणि दोन्हीं प्रकार एकच आहेत. १९९५ सालीं भारतांतील आदिवासी जमातींत ओरिसा नांवाचा प्रकार प्रमुख असल्याचें कळलें. तेथें बदललेला मणी ४४ वा.

ही उणीव आईकडून मुलाकडे येते व पुरुषांत अधिक दिसते. पुष्कळांचें सारें आयुष्य तिची जाणीव न होतां सुखानें जातें. ती जेथें जेथें अधिक आहे, ते बहुतेक प्रदेश पूर्वापार हिवतापाचे. तिनेंच कांहीं अंशीं त्यांना हिवतापापासून वांचविलें असावें, असें शास्त्रज्ञ मानतात. आणि हाच खरा पेंच आहे. व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप यकृतांत दडून बसतो व पुन्हां उलटतो. त्याचें मूळ काढावयास प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावें लागतें. म्हणजे औषधाची गरज ज्या रानांत, तें न सोसणारीं माणसेंहि त्याच रानांत.

यावर तोड आहे. साध्या रक्तपरीक्षेनें ही उणीव आधीं कळूं शकते. ती ठरली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणें वैद्यांच्या देखरेखीखालीं आठवड्यांतून एकदां, असें आठ आठवडे औषध देतां येतें. परीक्षेची सोय नसेल तेथें रोग्याला एवढें तरी समजावून सांगितलेंच पाहिजे: लघवी काळसर दिसली, तर गोळी थांबवून तत्काळ दवाखाना गांठावा.

जामच्या चवाठ्यावरून चंद्रपूरच्या वाटेनें औषधाची पेटी पुढें जाते, तेव्हां तिच्या जोडीला हा एक प्रश्नहि जावा: तुमच्या रक्तांतला रखवालदार जागेवर आहे ना?