कलनाविना महत्तम : मास्टर रामचंद्रांचे बीजगणित

१८५० साली कलकत्त्यात राशींच्या महत्तम व लघुत्तम मूल्यांवरील एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक होते दिल्ली कॉलेजात विज्ञान शिकवणारे, तिशीही न गाठलेले रामचंद्र. छपाईचा खर्च त्यांनी स्वतः सोसला होता. अशा प्रश्नांसाठी युरोपात कलनशास्त्र रूढ होते. रामचंद्रांनी मात्र ते बाजूला ठेवून केवळ बीजगणिताचा आधार घेतला.

त्यांचा जन्म १८२१चा, पानिपतचा. दिल्ली कॉलेजच्या प्राच्य विभागात युरोपीय विज्ञान उर्दूतून शिकवले जाई. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’ची परंपरा या देशात आहे, तेव्हा नवे गणित याच वाटेने विद्यार्थ्यांपर्यंत न्यावे, अशी त्यांची धारणा होती.

रीत साधी आहे. १० या संख्येचे असे दोन भाग करायचे, की त्यांचा गुणाकार महत्तम यावा. एक भाग क्ष आणि गुणाकार म मानल्यास क्ष(१० − क्ष) = म. हे वर्गसमीकरण सोडवले, की क्ष = ५ ± √(२५ − म). वर्गमुळाखालची राशी ऋण झाली तर क्ष वास्तव राहत नाही; म्हणून म २५ हून मोठा असू शकत नाही आणि त्या वेळी क्ष = ५. आजच्या भाषेत, फलन कोणत्या किमती घेऊ शकते याचा हा शोध होय. त्रिघाती राशींसाठी रामचंद्र एकघाती व द्विघाती अवयव पाडून प्रश्न पुन्हा वर्गसमीकरणावर आणीत.

कलकत्त्यात ग्रंथावर कठोर टीका झाली. परंतु ड्रिंकवॉटर बेथून यांच्यामार्फत एक प्रत लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती पडली. मदुराईत जन्मलेल्या या गणितज्ञाने तिचे मोल ओळखून ईस्ट इंडिया कंपनीकडे शिफारस केली. रामचंद्रांना २,००० रुपये व खिलत मिळाली, आणि १८५९ मध्ये डी मॉर्गन यांच्या प्रस्तावनेसह लंडन आवृत्ती निघाली. दरम्यान १८५७ च्या उठावात दिल्ली कॉलेज लुटले गेले. १८५२ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या रामचंद्रांना जीव वाचवण्यासाठी शहर सोडावे लागले. आवृत्ती हाती आली तेव्हा कंपनीचे राज्यही संपले होते.

हा ग्रंथ अभ्यासक्रमात रुजला नाही. त्याला गणिती कारणही होते : राशीचे रूप बदलले की येथे नवी युक्ती शोधावी लागते, तर कलनाचा एकच नियम ज्या व लॉगॅरिदम फलनांनाही लागू पडतो. तथापि भारतीय मनाचा कल मुळातच बीजगणिताकडे आहे, हे डी मॉर्गन यांचे विधान बाजूला ठेवले, तरी रामचंद्रांचा अध्यापनविषयक मुद्दा उरतोच. वर्गसमीकरण येणाऱ्या विद्यार्थ्याला, अवकलज शिकण्यापूर्वीच, महत्तम मूल्य म्हणजे काय हे सिद्धतेसह समजू शकते.