सोफा, फरशी आणि कुत्र्याचं पिल्लू

मंडळी, डिसेंबर २०२१ मध्ये आमचा बीड जिल्हा एकदम जगाच्या बातम्यांत झळकला होता, आठवतंय? माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि घरांवर नेत होती. वरून पडून पिल्लं मरत होती. बातम्यांत 'वानरांनी घेतला सूड' वगैरे सुरू झालं, आकडा अडीचशेवर गेला (मला तो फुगवलेलाच वाटतो), आणि आंतरजालावर विनोदांचा पूर आला. शेवटी नागपूरहून आलेल्या वनखात्याच्या पथकानं दोन वानरं पकडून नेली. विषय संपला.

माझ्या डोक्यात मात्र उंची राहिली. पिल्लाला किती उंची झेपते? हा प्रश्न परत वर आला तो चुलतभावामुळे. त्यानं बीडच्या नव्या घरात लॅब्रॅडोरचं पिल्लू आणलं आणि जाहीर केलं, "सोफ्यावरून उडी बंद! सांधे खराब होतात." आजी म्हणाली, "अरे, कुत्र्याचं पिल्लू उड्या नाही मारणार तर काय पोथी वाचत बसणार?" मग काय, एक अख्खा वीकांत मी या उडीच्या इतिहासात घालवला.

आधी हाडाबद्दल. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो, तिथून हाड लांबीला वाढतं. हा पट्टा आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षाही कमजोर. त्यामुळे मोठ्याचा पाय जिथे नुसता मुरगळेल तिथे लहानाचं हाड या पट्ट्यावर तुटतं. १९६३ साली कॅनडातल्या सॉल्टर आणि हॅरिस या डॉक्टरांनी मुलांच्या अशा मोडींचे पाच प्रकार लावून दिले. जनावरांचे डॉक्टर आजही तेच प्रकार वापरतात. छोट्या जातीच्या कुत्र्यांत हा पट्टा सहा-आठ महिन्यांत बुजतो, मोठ्या जातीत वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणजे भावाची भीती अगदीच हवेतली नाही. उंचावरून वेडंवाकडं पडलं तर मोड होऊ शकते.

पण 'सांधे खराब होतात' म्हणताना लोकांच्या मनात असतो तो खुबा. ती गोष्ट वेगळी. १९३५ साली बोस्टनच्या श्नेले नावाच्या पशुवैद्यानं कुत्र्यांच्या खुब्यातला दोष नोंदवला: गोळा वाटीत नीट बसत नाही, सैल राहतो, आणि पुढे झिजतो. बरीच वर्षं सगळा दोष आनुवंशिकतेवर गेला. तो आहेच, पण खरी मजा नंतर आहे. १९७४ साली ग्रेट डेन पिल्लांवरच्या प्रयोगात दिसलं की भरपूर खाऊ घालून भराभर वाढवलं तर सांगाडा बिघडतो. मग ४८ लॅब्रॅडोरना जन्मभर जोडीजोडीनं पाळलं, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं. २००२ साली निकाल आला: कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. सांध्यांची झीजही उशिरा. (आजी, ऐकतेस ना? तुपातली पोळी बंद!)

आणि मग जमीन. २००५ साली हॉलंडमधल्या बॉक्सर कुत्र्यांच्या अभ्यासात निसरड्या फरशीवर वाढलेल्या पिल्लांत खुब्याच्या दोषामुळे लंगडण्याचा धोका १.६ पट निघाला. २०१२ साली नॉर्वेत चार मोठ्या जातींची सुमारे पाचशे कुत्री जन्मापासून तपासली. पहिल्या तीन महिन्यांत जिने चढलेल्या-उतरलेल्यांना धोका जास्त. पट्ट्याविना मोकळं हुंदडलेल्यांना कमी. उन्हाळ्याच्या सुमारास जन्मलेल्यांना कमी. आणि शेतावर जन्मलेल्यांना कमी!

हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. कारण आजीचं घर आठवलं. मातीच्या भिंती, वर माळवद, खाली शेणानं सारवलेली जमीन. सोफा नाही, पलंग एखादा. पुढे काही खोल्यांत शहाबादी आली, तीही खरबरीत, पाय धरणारी. अंगणात जन्मलेलं पिल्लू तिथेच मातीत लोळायचं, आईच्या मागे बांधावर पळायचं. सांध्यांचा विचार करून कुणी हे केलं नव्हतं, गरिबीत आणि सवयीत आपोआप झालं होतं. उगाच 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' छाप ढकलपत्र करू नका. त्या घरांत कितीतरी पिल्लं गोचिडीनं आणि रोगानं मरायची.

भावाच्या घरात मात्र सगळीकडे आरशासारखी गुळगुळीत टाइल. पिल्लू वळलं की मागचे पाय दोन दिशांना. सोफ्यावरून उडी मारताना त्रास उंचीचा थोडा, खाली पाय घसरण्याचा जास्त, असं माझं मत. नुसत्या उडीला दोषी ठरवणारा भक्कम अभ्यास मला मिळाला नाही. फरशी, जिना आणि वजन यांच्याविरुद्ध मिळाले.

एका बाबतीत मात्र शेतकरी जाणूनबुजून सांभाळतो. आमच्याकडे लाल कंधारी गोऱ्हा कितीही थोराड दिसला तरी दोन दाती होईपर्यंत, म्हणजे दोन-अडीच वर्षांचा होईपर्यंत, त्याच्या खांद्यावर सहसा जू ठेवत नाहीत. नेकनूरच्या बाजारात बैलाचं तोंड उघडून दात बघतात ते उगाच नाही. लवकर औताला धरला की बैल पायातून जातो, हे सांगायला एक्स-रे लागला नाही.

असो. भावाला सगळं फोनवर वाचून दाखवलं. आता जिन्याला फळी आडवी लागली आहे, संध्याकाळी पिल्लू शेतात सुटतं, आणि सोफ्यासमोरच्या टाइलवर आजीनं दोन जुन्या गोधड्या अंथरल्या आहेत. तुपाच्या पोळीवर वाटाघाटी चालू आहेत :)