अंकलिपीतला माणूस

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुल्यांनी मराठी शालेय पुस्तके नव्याने रचावीत, अशी मागणी केली. ती व्यवहारोपयोगी नाहीत, हा त्यांचा आक्षेप. आपण तो क्रमिक पुस्तकांपुरताच वाचला. त्याआधी मुलाच्या हाती पडते ती चित्रांची अंकलिपी.

पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या अंकलिप्यांत ऋ ऋषीचा, भ भटजीचा, क्ष क्षत्रियाचा. कमळ, बदक, मगर यांच्या गर्दीत माणसे मोजकीच, आणि ती ही अशी! वर्णव्यवस्था हा शब्द मुलाला कोणी शिकवत नाही. अक्षराबरोबर ती आपोआप पाठ होते. माझ्या आईला वाचता येत नव्हते. ती चित्रावर बोट ठेवी, मी अक्षर म्हणे. खटारा ‘तो’, मगर ‘ती’. भटजीवर बोट आले की मात्र ‘हे भटजीबुवा’. आदरार्थी बहुवचन मी व्याकरणाआधी तिथे शिकलो.

त्याच भ-ने भट्टी सुरू होते. पेण-रोह्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वाडी सोडून वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. पावसाच्या तोंडाशी परततात. तिथल्या पोराने भट्टी पाहिलेली असते. ओळखीच्या वस्तूवरून अक्षर शिकवावे हे तत्त्व चांगलेच. पण ओळख कोणाची धरायची? कातकरी हे नाव खैराचा कात काढण्याच्या धंद्यावरून पडले, तरी क-शेजारी तो कातकरी माझ्या पाहण्यात कधी आला नाही.

ग-चा गणपती तर पेणचाच म्हणायचा. पेण-हमरापूरच्या कारखान्यांत माती मळणे, साच्यातून मूर्ती काढणे, डोळ्यांची आखणी करणे, हे सारे मुलांच्या समोर चालते. अंकलिपीत मात्र देव तयार होऊनच येतो. मातीचे हात चित्राबाहेर राहतात.

चित्र बदलता येत नाही असे नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर बापालाही भाजी निवडायला बसवले. ते कोणीतरी ठरवून केले म्हणून झाले. अंकलिप्या बहुधा खासगी छापखान्यांच्या. तिथे ठरवणार कोण? आपणच एखादी काढावी, असे मित्रांत बोलणे चालले आहे. चित्रे तेवढी वाडीवरच्या पोरांकडून काढून घ्यावी लागतील. भट्टीत विटा कशा रचतात, हे आम्हा प्राध्यापकांना कुठे ठाऊक?